कोरडी रेघ

हर्षदा लोणकर जेवायला नाही म्हणाली, तिथेच सगळा घोटाळा झाला.

निरीक्षकाने जेवायला नाही म्हणावं, असं देववडगावच्या अध्यापक विद्यालयात आजवर घडलंच नव्हतं. सकाळपासून दूध आटत होतं, पुरीची कणीक भिजवून ठेवली होती. शिवाय अळूची भाजी, बटाटेवडे आणि केळीच्या पानावर वाढायची हौस. प्राचार्य ताकवले सर जातीने उभे राहिले होते.

"मॅडम, निदान दोन घास. वाटीभर बासुंदी तरी घ्या."

"पाठ झाल्यावर बघू."

"पाठ झाल्यावर काय उपयोग?" सर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! जेवलेल्या निरीक्षकाच्या हातून अंक चांगला पडतो, हे राज्यातल्या प्रत्येक प्राचार्याला तीन वर्षांत अनुभवाने कळलं होतं. आता अंक देतं मशीन. मशीनला कुणी बासुंदी चारत नाही. तरी निरीक्षक जेवला की अंक वर चढे, उपाशी राहिला की घसरे. असं का होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे अन्नदात्याला आशीर्वाद लागतो, कुणी म्हणे योगायोग. कारण काही असो, चूल मात्र प्रत्येक विद्यालयात पेटत होती.

हर्षदाला भूक नव्हती असं नाही. सकाळी एसटीत खाल्लेल्या बिस्किटांवर ती आली होती. पण आज तिला डोळ्यांत तेल घालून बसायचं होतं. पोट भरलं की डोळा लागतो, आणि आजच्या पाठातली एकही चूक तिला निसटू द्यायची नव्हती. कारण आजचा पाठ घेणार होती मुक्ता भोईटे.

मुक्ता कोण, ते सांगायला हवं. वीस-बावीस वर्षांपूर्वी या दोघी साताऱ्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहून शिक्षिका व्हायला शिकत होत्या. हर्षदाचं पाठाचं टाचण म्हणजे छापील पुस्तक. फळ्यावरचं अक्षर मोत्यांचं. प्रस्तावना पाच मिनिटांची म्हणजे पाचच मिनिटांची. मुक्ताचं टाचण अर्धवट, खडू हरवलेला, साडीला शाई. त्यांना शिकवणाऱ्या घाटगे बाई गुण द्यायच्या ते हर्षदाला. पण सराव पाठांच्या वेळी तासाची घंटा झाली की शाळेतली पोरं धावायची ती मुक्ताच्या मागे. गुण हिला, पोरं तिला!

एकदा हर्षदाने सातवीवर जीव ओतून पाठ घेतला. सगळं घड्याळाप्रमाणे झालं. शेवटी तिने विचारलं, "कुणाला काही शंका?" पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, त्या दुसऱ्या बाई परत कधी येणार?"

ती मुलगी आता स्वतः आई झाली असेल. पण ते वाक्य हर्षदाच्या काळजात कुसळासारखं बसलं होतं ते बसलंच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसऱ्याला काय!

पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुक्ता शिक्षक घडवणाऱ्या या विद्यालयात अध्यापिका झाली. हर्षदा राज्याच्या देखरेख मंडळात निरीक्षक झाली. कुठलं प्रशिक्षण विद्यालय चालू ठेवायचं आणि कुठल्याला कुलूप लावायचं, हे मंडळ ठरवी. मंडळ ठरवी ते पट्टीवरून.

पट्टीचं शास्त्र तसं सोपं. आपल्या मेंदूत बारीक विजेच्या लहरी सतत चालू असतात. वर्गात तीस मुलं तीस विचारांत असली की तीस लहरी तीस वाटांनी जातात. पण तीच मुलं एखाद्या गोष्टीत रंगली, की लहरी बरोबरीने वर-खाली व्हायला लागतात. लेझीमच्या पथकात नवख्याचे पायही थोड्या वेळाने ठेक्यात पडतात ना, तसंच. मंडळाने त्यासाठी कपाळावर बांधायची पट्टी आणली. मुलांना ती बांधायची, शिकवणाऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाने स्वतः पाठ घ्यायचा, आणि लहरी किती जुळल्या ते मोजायचं. जुळणीचा आकडा म्हणजे तन्मयता अंक. तो लागोपाठ दोन वर्षं चाळीसच्या खाली गेला की मान्यता रद्द.

एक अडचण होती. पंखा करकरला, बाहेरून ट्रॅक्टर गेला, तरी सगळ्यांच्या लहरी एकदम दचकतात. ते काही शिकवण्याचं श्रेय नव्हे. म्हणून निरीक्षकाने मागच्या बाकावर बसायचं आणि त्यानेही पट्टी बांधायची. पंखा तोच, ट्रॅक्टर तोच, पण पाठाशी त्याला काय देणंघेणं? तेव्हा निरीक्षकाच्या लहरीशी जेवढं जुळेल तेवढं वर्गातून वजा करायचं. उरेल तो शिक्षकाचा खरा परिणाम. निरीक्षकाच्या लहरीला मंडळात 'कोरडी रेघ' म्हणत. निरीक्षक पाठात रंगून जाईल, ही शक्यता सूत्र मांडणाऱ्यांच्या मनाला शिवलीही नाही. त्यांनी लहानपणी निरीक्षक पाहिले होते!

आणि साऱ्या राज्यात सगळ्यात कोरडी रेघ कुणाची? हर्षदा लोणकरची. नव्या निरीक्षकांना शिकवताना मंडळाचे अधिकारी तिचीच रेघ पडद्यावर दाखवत. "लोणकर मॅडमची रेघ म्हणजे फूटपट्टी." लोक मागून 'कोरडा पाषाण' म्हणत, तेही तिला माहीत होतं. तिला ते मानाचं वाटे. येत्या महिन्यात तिला विभागीय निरीक्षक करणार, अशी बोलवा होती.

देववडगावला गेल्या वर्षी अडतीस पडले होते. यंदा चाळीस झाले नाहीत तर कुलूप. मंडळाने पाठ घेणाऱ्यांची नावं जाहीर केली तेव्हा हर्षदाने हा दौरा मागून घेतला. 'अध्यापिकेशी पूर्वपरिचय?' या प्रश्नापुढे तिने 'नाही' लिहिलं आणि निघाली.

मुक्ता फाटकातच भेटली. केस पिकलेले, हातात तीन रिकामी तपेली.

"अगं हर्षे!" ती जवळजवळ धावतच आली. "तू येणार हे सांगितलंच नाही कुणी!"

हर्षदाने चष्मा सारखा केला. "आपण?"

मुक्ता जागीच थबकली. तिने ताकवले सरांकडे पाहिलं, हर्षदाकडे पाहिलं, आणि तिला काय उमगायचं ते उमगलं. "नमस्कार, मॅडम," म्हणत ती बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर हर्षदाला बरं वाटलं असतं.

दुपारी पाठ सुरू झाला. शेजारच्या शाळेतली सहावीची तीस मुलं पट्ट्या बांधून बसली. भिंतीकडेने विद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे उद्याचे शिक्षक, जीव मुठीत धरून उभे. त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. हर्षदा रिकाम्या पोटी मागच्या बाकावर, कपाळाला पट्टी आणि हातात पेन.

पहिल्या पाच मिनिटांत तिने तीन चुका टिपल्या. फळ्यावर तारीख नाही. पाठाचा उद्देश सांगितला नाही. प्रस्तावना तर नाहीच. बाई सरळ तपेली मांडत सुटल्या! 'सुधारली नाही अजून,' हर्षदाला आतून गुदगुल्या झाल्या.

मुक्ताने एका तपेल्यात बर्फ टाकलेलं पाणी ओतलं, दुसऱ्यात सोसेल इतकं गरम, मधल्यात दोन्ही मिसळून. मग ओवी नावाच्या एका मुलीला बोलावलं. "डावा हात बर्फात, उजवा गरम पाण्यात. बुडव. आणि आम्ही सगळे मिळून काय करणार? गप्प बसणार. जमेल?"

वर्ग गप्प बसला. ओवीचं तोंड डाव्या बाजूने वाकडं झालं तसं कुणीतरी फिसकन हसलं.

"आता दोन्ही हात मधल्यात. कसं लागतंय?"

"बाई, गरम!" ओवी म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "नाही बाई, गार! डाव्याला गरम लागतंय, उजव्याला गार. एकाच तपेल्यात!"

सगळी मुलं बाकावर गुडघ्यांवर उभी राहिली. हर्षदाला हे नियमाविरुद्ध म्हणून लिहायचं होतं, पण पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"पाणी एक, हात दोन, म्हणणी दोन," मुक्ता म्हणाली. "मग खोटं कोण बोलतंय?"

"डावा!" एक पोरगा ओरडला.

"का रे?"

"डावा आहे म्हणून!"

वर्ग हसला. मुक्ताही हसली, पण उत्तर काही दिलं नाही. ती नुसती थांबली. वर्गासमोर असं गप्प थांबणं किती अवघड असतं, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. हर्षदाला ते आयुष्यात जमलं नव्हतं. तिला वाटलं, अगं सांग ना आता, किती ताणतेस! आपण बाकावर पुढे झुकलोय आणि आपला डावा हात आपणच उजव्याने चोळतोय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी ओवीच हळू बोलली. "बाई, कुणीच खोटं बोलत नाही. पाणी कसं आहे ते हाताला कळतच नाही. हात आधी कुठं होता, त्यावर तो सांगतो."

मुक्ताने तिच्या पाठीवर ओला हात ठेवला. "आता सांगा, थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट का लागतं?"

दहा हात वर गेले आणि घंटा झाली. "सांगू नका!" मुक्ता म्हणाली. "घरी जाऊन विहिरीलाच विचारा."

हर्षदा दचकली. घंटा झालीच कशी? तिने वहीत पाहिलं. तीन चुकांच्या खाली कागद कोरा होता. तिला स्वतःचाच इतका संताप आला की कान तापले. मेलीला अजूनही जमतंय! अजूनही सगळं तस्संच जमतंय!

दहा मिनिटांनी मशीनने अंक दाखवला. एकतीस.

ताकवले सर भिंतीला हात लावून खाली बसले. भिंतीकडच्या मुलींपैकी एकजण रडायलाच लागली. हर्षदाने चेहरा गंभीर ठेवला, पण आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एकतीस! राज्याच्या मशीनने सांगितलं होतं आता, तिने नव्हे. पोरं धावली म्हणून काय झालं? शास्त्र काही खोटं बोलत नाही.

अहवाल लिहायला ती प्राचार्यांच्या खोलीत एकटीच बसली. सही करायच्या आधी तिला एक चैन करावीशी वाटली. मुक्ताचा पाठ नेमका कुठे फसला, वर्ग कुठे विखुरला, ते डोळ्यांनी बघायचं. म्हणून तिने लहरींचे मूळ आलेख उघडले. एरवी ते कुणी बघत नसे.

वर्ग कुठेच विखुरलेला नव्हता.

तीस रेघा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. इतक्या जुळलेल्या रेघा तिने कधी पाहिल्या नव्हत्या. मग एकतीस कसे? तिने आलेख मोठा केला. तीस रेघांच्या बरोबरीने आणखी एक रेघ धावत होती. ओवीचे डोळे मोठे झाले तिथे ती वर चढली होती, मुक्ता थांबली तिथे तीही श्वास धरून थांबली होती. सुरुवातीची पाच मिनिटं सोडली तर ती वर्गातल्या कुठल्याही पोरापेक्षा जास्त रंगली होती. हर्षदाने तिच्यावर बोट ठेवलं. नाव आलं: निरीक्षक.

राज्यातली सगळ्यात कोरडी रेघ अशी ओलीचिंब झाली होती, आणि मशीनने नियमाप्रमाणे ती वर्गातून वजा केली होती. वर्गाची बरीचशी तन्मयता त्याबरोबर वाहून गेली.

हर्षदाला ओवीचं वाक्य आठवलं. 'हात आधी कुठं होता, त्यावर तो सांगतो.' मशीनला मुक्ताचा पाठ कळलाच नव्हता. निरीक्षक कुठे होता, तेवढंच ते सांगत होतं. आणि मग तिला बासुंदीचंही कोडं सुटलं. जेवलेला निरीक्षक पेंगतो. पेंगणाऱ्याची रेघ पडून राहते. वजा करायला काही उरत नाही आणि अंक चढतो! ताकवले सरांची बासुंदी शास्त्रशुद्ध निघाली.

तिला आणखी एक गोष्ट आठवली. गेल्या वर्षी तिचा एक सहकारी कोकणातल्या एका पाठातून डोळे पुसत बाहेर आला होता. त्या विद्यालयाला सत्तावीस पडले, तेही लागोपाठ दुसऱ्यांदा चाळीसच्या खाली. यंदा तिथे कुलूप आहे. तेव्हा सगळे म्हणाले होते, पाठच रडका असेल.

आता काय करायचं? काहीच न करणं सगळ्यात सोपं होतं. 'मान्य' या शब्दावर बोट ठेवायचं की संपलं. लोणकर मॅडमची रेघ कोण तपासतंय? मुक्ता घरी बसेल. विभागीय निरीक्षकाची खुर्ची मिळेल. उलट, स्वतःची रेघ बाद करायची तर कारण लिहावं लागणार, आणि ज्याची रेघ बाद झाली त्याचं नाव निरीक्षकांतून जातं, असा नियम. शिवाय ते कारण! 'मुक्ताच्या पाठात मी रंगले' हे स्वतःच्या हाताने लिहायचं? त्यापेक्षा विहीर जवळ करीन, असं तिला वाटलं. तिचं बोट 'मान्य'वर गेलंसुद्धा.

दार वाजलं. मुक्ता बासुंदीची वाटी घेऊन आत आली.

"हर्षे, आता इथे कुणी नाही. आता तरी ओळख दे."

"अंक कळला ना?"

"कळला." मुक्ता समोर बसली. तिचे डोळे लाल होते. "वाईट वाटलं गं. मला उगाच वाटत होतं, पाठ बरा झाला. कुठे चुकलं सांग ना. तू नेहमी बरोबर सांगायचीस."

हर्षदाने वही उघडली. "फळ्यावर तारीख नव्हती," ती म्हणाली.

"ती माझी कायमची बोंब!" मुक्ता रडता रडता हसली. "आज तर नुसती तुझ्याकडेच बघत होते. घाटगे बाईंचं आठवतं ना? वर्गात शिरलं की सगळ्यात रुसलेला चेहरा शोधायचा आणि घंटा होईपर्यंत त्यालाच शिकवायचं. बाकीचे आपोआप येतात."

"बाईंनी हे मला कधी सांगितलं नाही."

"अगं, परीक्षेच्या आदल्या दिवशी तूच तर माझ्याकडून घोकून घेतलंस! मी झोपाळू, तू मला चिमटे काढून उठवत होतीस. तुझ्याच तोंडून ऐकलंय मी ते."

हर्षदाला ते चिमटेही आठवले आणि ते वाक्यही आठवलं. तिने ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे गुणही मिळवले होते. वर्गात तसं एकदाही केलं नव्हतं.

"आणि आज?" तिने विचारलं. "आज कुणाला शिकवत होतीस?"

"तुलाच की! पोरं सगळी हसत होती. रुसलेलं दुसरं कोण होतं वर्गात?"

हर्षदाने वाटी जवळ ओढली, दूर सारली, पुन्हा जवळ ओढली. मग एकदम म्हणाली, "जा तू. सरांना पाठव."

मुक्ता गेल्यावर तिने 'मान्य' सोडून दिलं. 'पूर्वपरिचय'पुढचं 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं. 'निरीक्षकाची रेघ'पुढे 'बाद' लिहिलं. कारणाच्या रकान्यात तिने तीन वेळा लिहून तीन वेळा पुसलं. शेवटी राहिलं ते असं: 'निरीक्षक पाठात रंगल्या. अंक त्यामुळे पडला, वर्गामुळे नव्हे. निरीक्षकाची रेघ न तपासता वजा करू नये. जुने निकालही पुन्हा पाहावेत, कोकणातल्यापासून सुरुवात करावी.' वाचताना तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं कोरडं व्हायच्या आत तिने सही ठोकली.

पुढे मंडळाला ते पचायला वर्ष लागलं. पण हर्षदाचं नाव निरीक्षकांतून काढायला त्यांना चार दिवस पुरले.

ताकवले सर हात जोडून आत आले.

"अंक रद्द झालाय," हर्षदा म्हणाली. "दुसरा निरीक्षक येईल. पाठ पुन्हा होईल."

सरांना आधी खरंच वाटेना. मग ते घाबरतच म्हणाले, "मॅडम, आणि त्यांनी पण जेवायला नाही म्हटलं तर?"

"म्हणू देऊ नका. मंडळ सूत्र सुधारेपर्यंत तरी पोटभर वाढा. बासुंदी आणखी थोडी आटवा." तिने वाटी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. "वेलची कमी आहे."

फाटकापर्यंत मुक्ता पोचवायला आली. काय घडलं ते सरांनी तिला सांगितलं होतं, पण ती एक शब्द बोलली नाही. गप्प राहणं तिला चांगलंच जमत होतं, आणि हर्षदाला त्याचाही हेवा वाटला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाहेर ओवी आणि दोन पोरं ताटकळत उभी होती. मुक्ता दिसताच ती धावत आली आणि तिच्या हाताला लोंबकळली. हर्षदाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. कुसळ पुन्हा टोचलं, जिथे टोचायचं तिथेच.

एसटी आली. हर्षदा पायरीवर चढली, आणि पुन्हा खाली उतरली.

"मुक्ते," ती म्हणाली, "परत कधी आहे गं तुझा तास?"

"गुरुवारी. का?"

"गुरुवारी मी मोकळी असेन. आता सगळेच गुरुवार मोकळे." तिने पदर खोचला. "विहिरीचं राहिलंय ना अजून. मागचा बाक ठेव."